चमचे विरघळवणाऱ्या बाई

आमच्या कॉलेजात एके काळी अशी कुजबुज होती, की रसायनशास्त्राच्या बाईंनी आपल्या सासूचे चांदीचे चमचे ॲसिडात विरघळवले. एखादा नव्हे, मखमली पेटीतला अख्खा संच. कुणी म्हणे सासूशी भांडण झालं म्हणून, कुणी म्हणे नणंदेला वाटा मिळू नये म्हणून. कॅन्टीनवाल्याची आवृत्ती सगळ्यांत चवदार होती. त्याच्या मते बाई रोज एक चमचा पर्समध्ये लपवून आणायच्या, जेवणाच्या सुट्टीत त्याचं पाणी करायच्या, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कॅन्टीन तळमजल्यावर, लॅब तिसऱ्या मजल्यावर. डोळे असावेत तर असे.

आता या भानगडीत माझा संबंध काय, तर माझी भौतिकशास्त्राची खोली त्या लॅबच्या भिंतीला लागून होती. शिवाय बाईंचे यजमान, जे छापखान्यात मुद्रितं तपासायचे, ते दर रविवारी माझ्याशी बुद्धिबळ खेळायला यायचे. खेळायला म्हणजे हरायला. हरता हरता घरातलं सगळं सांगायचे. तेव्हा बाईंची लॅब आणि बाईंचं स्वयंपाकघर, दोन्हीकडची खबर असलेला माणूस मी एकटाच.

मुलं बाईंना ब्लँकबाई म्हणायची. त्याचं कारण त्यांचा तो आवडता डबा. डबा म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, पण एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? त्या डब्यात एका बाजूला दिवा, मध्ये हव्या त्या रंगाचा उजेड निवडायची चकती, मग काचेची चौकोनी इवलीशी कुपी ठेवायला खाच, आणि पलीकडे किती उजेड पोचला ते सांगणारा काटा. कुपीत रंगीत द्रावण घातलं की ते थोडा उजेड गिळतं. जितका धातू जास्त, तितका उजेड कमी पोचतो. पण त्याआधी नुसतं पाणी घालून काटा शून्यावर आणायचा. हे कोरं पाणी म्हणजे ब्लँक. "पाण्याचा आणि काचेचा दोष धातूच्या माथी मारायचा नाही," असं बाई रोज म्हणायच्या, आणि ते इतकं म्हणायच्या की पुढे पुढे त्यांचं सगळं जगणंच तसं झालं. चहा पिण्याआधी घोटभर पाणी प्यायच्या, चहात काय आहे ते नीट कळावं म्हणून. भाजीवाल्याला आधी रिकामी पिशवी तोलायला लावायच्या. कुणा मुलाला झापायचं असलं, तर आधी त्याला जवळ बोलवून विचारायच्या, "आज घरी काही झालंय का? जेवलायस का? झोप झाली का?" तो सगळ्याला बरं आहे म्हणाला, की म्हणायच्या, "छान. हा तुझा ब्लँक झाला. आता ऐक." आणि मग जे काही ऐकवायच्या, ते भिंतीपलीकडे मलाही ऐकू यायचं.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, त्यांनी कधीकाळी तांबं आणि निकेल यांचं मिश्रण करून मोठाल्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. मुलांनी त्यातलं थोडं घ्यायचं आणि दोन्ही धातू किती आहेत ते डब्यात मोजून काढायचं. बाटली संपली की साहेब तेच माप घालून पुन्हा भरायचे. त्यामुळे उत्तरही वर्षानुवर्षं तेच. मोठ्या भावाचे बूट धाकट्याकडे जातात तसं ते वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जायचं. मुलं आधी उत्तर लिहायची, मग त्या उत्तराला शोभतील अशी रीडिंग सजवायची. खरी वाटावीत म्हणून त्यात थोडी चूकही घालायची. किती चूक घालायची, हेसुद्धा वरच्या वर्गाने ठरवून दिलेलं असायचं.

एकदा सगळ्या टेबलांची उत्तरं अगदी अचूक आली. बाई खूश झाल्या, आणि लगेच त्यांना शंका आली. त्यांनी माझ्या दारावर टकटक केली.

"सर, जरा येता?"

मी जाऊन डब्याचं झाकण उघडलं. आतला दिवा काळाठिक्कर पडला होता.

"हा आज सकाळी गेला असेल का?" बाईंनी विचारलं.

"आज? याचं वर्षश्राद्ध घालायची वेळ आलीय."

बाईंनी वर्ग बोलावला. वर्गात एक मुलगा होता, केस मागे फिरवलेला, रीडिंग सजवण्यात सगळ्यांचा गुरू. त्याला सगळे हिरो म्हणत. बाईंनी त्यालाच उभं केलं.

"तुमच्या टेबलाची पाळी आली तेव्हा डबा कसा चालत होता?"

"थोडा मंद होता, बाई."

"मंद म्हणजे?"

"म्हणजे काटा हलत नव्हता. पण कुठे हलला असता, त्याचा आम्ही अंदाज घेतला."

मी दारात तोंडावर रुमाल धरून उभा. बाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा एकदम वेगळा झाला. वर्ग गेला तरी त्या तिथेच बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "सर, मला अशी एक बाटली हवी, की जिचं उत्तर जगात कुणालाच माहीत नाही. साहेबांना नाही, वरच्या वर्गाला नाही. मलासुद्धा नाही."

दिवा मी बदलून दिला. बाटली माझ्याकडे नव्हती. ती त्यांच्याच घरी, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पडून होती.

बाईंच्या सासूबाई म्हणजे ताठ कण्याची, बारीक अंगाची बाई. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती, आतून निळी मखमल, आणि मखमलीत एकेका खाचेत एकेक चांदीचा चमचा. सासूबाईंना ते त्यांच्या सासूने दिलेले. या चमच्यांनी कधी काही ढवळलं नाही. पाहुणे आले की पेटी उघडून चमचे दाखवायचे, पेटी मिटायची, आणि साखर ढवळायला स्टीलचा चमचा द्यायचा, अशी त्या घरची रीत. त्या चमच्यांवर सासूबाईंनी आयुष्यभर वाद जिंकले. इमारतीच्या पाण्याची टाकी कधी धुवायची यावर शेजाऱ्यांची सभा भरली, तर त्यातही, "आमच्या घरात चांदीचे चमचे आहेत, आम्हाला स्वच्छता शिकवू नका," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. लेकीचं लग्न ठरवायच्या बोलण्यातही पेटी टेबलावर उघडी होती. लेकीच्या सासरी आजही कुणी माहेरचा विषय काढला, की विहीणबाई म्हणायच्या, "हो हो, त्या चांदीच्या चमच्यांच्या घरातली ना ही!"

आणि त्या लेकीचा, म्हणजे बाईंच्या नणंदेचा, फोन आला.

"आई, चमच्यांतले अर्धे माझे असं तूच म्हणायचीस ना? येत्या रविवारी येते. सोबत माझ्या सासूबाई पण येतायत. तिथूनच सोनाराकडे जाऊ, वितळवून लेकीला काहीतरी करून घेते."

"अगं, कशाला वितळवायचे?" सासूबाई म्हणाल्या.

"नुसते बघत बसण्यापेक्षा बरं ना?"

फोन ठेवून सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मग पेटी खाली काढली, एक चमचा उचलला आणि भांडी विसळत असलेल्या सुनेसमोर धरला.

"सूनबाई, तुझ्या त्या डब्यात कळतं ना, कशात काय आहे ते?"

"कशात म्हणजे?"

"कशातही."

"विरघळलेलं असलं तर कळतं, आई. आख्खं नाही कळत."

"मग विरघळव."

बाईंच्या हातातलं पातेलं निसटलं. "अहो आई, चांदीचा चमचा आहे!"

"तेच तर विचारतेय."

मग सासूबाईंनी तोवर कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. चांदी काळी पडते, हे सगळ्या जगाला ठाऊक. हे चमचे पडले तर पिवळट पडायचे, काळे कधीच नाही. हे त्यांना लग्नानंतर थोड्याच दिवसांत दिसलं होतं. तेव्हापासून त्या दर आठवड्याला चमचे घासत आल्या होत्या, आपल्या घरची चांदीही चारचौघींच्या चांदीसारखी काळी पडते असं लोकांना वाटावं म्हणून.

"मी सोनाराकडे नेऊन विचारू का?" बाईंनी विचारलं.

"सोनार! त्याला सकाळी विचारलं तर संध्याकाळी विहीणबाईंना कळेल. आणि हे चांदीचे नसले, तर माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण माझी लेक तिथे आयुष्यभर टोमणे खाईल. रविवारच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे. आणि कुणाला बोलू नकोस. नवऱ्यालाही नाही."

"त्यांना का नाही?"

"तो पटावर बसला की त्या फिजिक्सवाल्याला सगळं ओकतो."

या ओळीबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे करवत मागायला आल्या. कशाला, विचारलं, तर म्हणाल्या, "घरगुती काम आहे." थोड्या वेळाने भिंतीपलीकडून करवतीचा आवाज आणि मुलांचा गलका एकदमच ऐकू आला. मग काय, मी माझा तास आटपला आणि दारात जाऊन उभा राहिलो. शेजारी लॅबचा शिपाई होता. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो, कारण त्याच्या कानात गेलेली गोष्ट तिन्ही मजल्यांवर वाजायची. साहेबही आले.

"आज काय, बाई?"

"चमचा आहे, साहेब. यातले धातू मोजायचे."

"उत्तर काय आहे?"

"माहीत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मग गुण कसे देणार?"

"ज्यांची उत्तरं एकमेकांशी न बोलता जुळतील, त्यांना देईन."

साहेब विचार करत करत निघून गेले. वर्गात मात्र एकदम चुळबुळ सुरू झाली. हिरो खिडकीतून वरच्या वर्गातल्या कुणाला तरी खुणा करत होता. तिकडून त्या मुलाने दोन्ही हात वर केले. बाईंनी पाहिलं आणि गालातल्या गालात हसल्या.

चमच्याच्या दांड्याचे तुकडे झाले. प्रत्येक टेबलाने आपला तुकडा तोलला. मग धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, चंचुपात्रात नायट्रिक ॲसिड घालून बाईंनी पहिला तुकडा आत सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तुकड्याभोवती बुडबुडे उठले, तांबूस तपकिरी धुराचे लोट वर चढले, आणि तळाशी निळं-हिरवं पाणी पसरायला लागलं. मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होती. ज्या मुलांना प्रॅक्टिकलच्या वेळी हाक मारून उठवावं लागायचं, ती आता रांगेवरून भांडत होती.

"बाई, हे निळं म्हणजे तांबं!"

"आणि हिरवं म्हणजे निकेल!"

"डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डोळा सगळं एकत्र करून टाकतो," बाई म्हणाल्या. "आता ऐका. तुमच्या घरी भाचे आणि भाच्या राहायला आल्यात. किती भाचे, किती भाच्या, तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही दिवसभर बाहेर. घरात दोन डबे आहेत, एक गोड बिस्किटांचा, एक खाऱ्या दाण्यांचा. त्यातल्या मुलींना बिस्किटं जास्त आवडतात, पण दाणेही थोडे खातात. मुलग्यांचं उलटं. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन दोन्ही डबे बघता. कोण किती आले ते सांगता येईल का?"

"येईल," मागून एक मुलगी म्हणाली. जाड चष्म्याची, कधीही न बोलणारी. "पण एक भाचा एकटा किती खातो आणि एक भाची एकटी किती खाते, ते आधी माहीत पाहिजे."

"वा!" बाईंनी खडू हवेत फेकला आणि झेलला. "म्हणून आधी नुसत्या तांब्याचं द्रावण मोजायचं, मग नुसत्या निकेलचं. दोन्ही डब्यांवर. बिस्किटांचा डबा म्हणजे जांभळ्या टोकाचा उजेड, तो निकेल जास्त खातं. दाण्यांचा डबा म्हणजे लाल रंगाच्याही पलीकडचा, तो तांबं जास्त खातं. एका डब्यावरून कळणार नाही. दोन डबे, दोन रीडिंग, दोन समीकरणं. मिश्रण कितीही गुंतलेलं असू दे, कुणी किती खाल्लं ते वेगवेगळं निघतं!"

आणि मग जी धांदल उडाली, ती मी इतक्या वर्षांत त्या लॅबमध्ये पाहिली नव्हती. कुणी ब्लँक घेतोय, कुणी कुपी पुसतोय, कुणी ओरडतोय, "काटा हलला! खरंच हलला!" जणू मांजराला बोलता आलं. हिरोच्या टेबलावर मात्र निकेल भलतंच जास्त आलं, शेजारच्यांच्या दुप्पट.

"तुझ्या तुकड्यात एवढं निकेल कुठून आलं रे?" बाईंनी त्याची कुपी उचलली. कुपीच्या दोन बाजू खरखरीत असतात, धरायला. दोन बाजू स्वच्छ असतात, उजेड जायला. बाईंनी स्वच्छ बाजू खिडकीकडे धरली. मधोमध अंगठ्याचा ठसा. "हे बघ तुझं निकेल. कुठल्याही डब्यातलं खाणारा फुकट्या पाहुणा."

सगळा वर्ग हसला. हिरोने कुपी घेतली, पुसली, पुन्हा पुसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा रीडिंग पुन्हा घेतलं. या वेळी ते शेजाऱ्यांशी जुळलं. तो काट्याकडे असा बघत राहिला, जणू काट्याने त्याला नावाने हाक मारली होती.

आता बेरीज. तांबं अधिक निकेल. एका टेबलाची बेरीज झाली, दुसऱ्याची झाली, आणि जो तो पुन्हा बेरीज करायला लागला. दोन्ही धातू मिळून तुकड्याचं वजन भरत नव्हतं. शंभरातले जवळजवळ वीस भाग गायब.

"बाई," हिरो हळूच म्हणाला, "वीस कमी पडतायत. घालू का?"

"कुठून घालशील?"

"नेहमी घालतो तिथून."

"खबरदार!"

"पण बाई, सगळ्यांचंच चुकलंय," कुणीतरी म्हणालं.

"सगळ्यांचं सारखंच चुकेल का?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं.

चष्मेवाली उठून उभी राहिली. "बाई, दाराशी चपला जास्त आहेत."

"म्हणजे?"

"वजन म्हणजे चपला. घरात जितके आले तितक्या चपला. पण खाल्लेलं कमी भरतंय. म्हणजे घरात कुणीतरी आहे, जो बिस्किटंही खात नाही आणि दाणेही खात नाही. त्याचं द्रावण पाण्यासारखं असणार. डब्याला तो दिसणारच नाही!"

मी दारातच टाळी वाजवली. बाईंनी चष्मेवालीकडे असं पाहिलं, की त्या मुलीने पुढे रसायनशास्त्रच घेतलं, दुसरं काही घेणं शक्यच नव्हतं.

"असा न दिसणारा कोण कोण असू शकतो?" बाईंनी विचारलं.

पुस्तकं उघडली गेली, पानं फडफडली. "जस्त!" एक जण ओरडला. "चांदी!" दुसरा ओरडला. "बाई, चांदी पण! चांदीचं द्रावण बिनरंगीच असतं! चमचा चांदीचा असणार!"

"चांदीच!" "जस्त!" "चांदी!" वर्ग दोन पक्षांत फुटला. बाकं वाजायला लागली. बाई टेबलाची कड घट्ट धरून उभ्या होत्या. गायब असलेले वीस भाग चांदीचे निघाले, तर सोनार थोडं नाक मुरडेल, पण चांदी आहे म्हणेल, आणि घरची लाज राहील. नाही निघाले तर रविवार उभा आहे.

"भांडता कशाला?" त्या म्हणाल्या. "चांदीला ओळखायला मीठ पुरे. मिठाचं पाणी घातलं की चांदी दह्यासारखी पांढरी होऊन खाली बसते. थोडंसं द्रावण परीक्षानळीत घ्या. तू ये गं, तू घाल."

चष्मेवालीने नळी उजेडाकडे धरली. सगळी डोकी एका ठिकाणी. मिठाच्या पाण्याचा पहिला थेंब पडला. दुसरा. तिने नळी हलवली. तिसरा, चौथा. निळं-हिरवं पाणी निळं-हिरवंच राहिलं, काचेसारखं नितळ. पांढऱ्याचा धुरळासुद्धा नाही.

"नाही!" जस्तवाल्यांनी आरोळी ठोकली. "चांदी नाही!" त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. भोंगा माझ्या कानात म्हणाला, "कुणाचा चमचा आहे हो?"

बाईंनी खडू उचलून फळ्यावर लिहिलं: तांबं, निकेल, जस्त. "याला बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात. नावात चांदी, आत औषधालाही नाही. जस्ताची खात्री पुढच्या तासाला वेगळ्या रीतीने करू." आणि मग त्या हसल्या, अगदी मनापासून. कारण घरी काय होणार ते होवो, त्यांच्या मुलांनी आज जगात कुणालाच माहीत नसलेली गोष्ट शोधून काढली होती. जाताना हिरो दाराशी थबकला. "बाई, हे उत्तर वरच्या वर्गालाही माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग हे आमचं आहे," तो म्हणाला आणि जिना तीन तीन पायऱ्यांनी उतरला.

घरी काय झालं ते मला नंतर सासूबाईंनीच सांगितलं. त्या दारातच उभ्या होत्या.

"किती आहे?"

"नाही, आई."

"थोडीसुद्धा?"

"थोडीसुद्धा नाही."

सासूबाई खुर्चीत बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून सून धावली, तर त्या हसत होत्या. "मेलीने मला या पितळेपुढे जन्मभर नमवलं! माझ्या सासूने! 'तुझ्या माहेरी आहेत का असे चमचे?' म्हणायची. आणि मी मान खाली घालायची!"

"पितळ नाही, आई. निकेल पण आहे."

"तू गप्प बस." हसू ओसरल्यावर त्यांना रविवार आठवला. "बाकीचे तुझ्या मुलांना चालतील का?"

"सगळे?"

"पेटीत काही उरलं नाही, तर सोनाराकडे काय नेतील?"

"मग ताईंना काय सांगायचं?"

यावर सासूबाईंनी काय सांगितलं, ते शेवटी येईल. सुनेने ते ऐकलं, म्हणाली, "थांबा, आई, जरा ब्लँक घेऊ द्या," आणि ग्लासभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "चालेल. पण पेटीही मला हवी. कुप्या ठेवायला."

शनिवारपर्यंत ती बातमी कॉलेजभर, गल्लीभर आणि नणंदेच्या सासरपर्यंत पोचली होती. रविवारी नणंद जिन्यातूनच ओरडत आली. त्या रविवारी आम्ही पट बाईंकडेच मांडला होता, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

"वहिनी! खरं आहे का? सगळे?"

"प्रयोगात लागले, ताई," बाई मान खाली घालून म्हणाल्या.

"प्रयोगात! चांदीचे चमचे! आई, तू बघत बसलीस?"

"मी काय करणार बाई," सासूबाई कोरडे डोळे पदराने पुसत म्हणाल्या. "शिकलेली सून. तिला विचारायची माझी काय छाती?"

यजमानांनी घाबरून आपला वजीर माझ्या घोड्यापुढे ठेवला. मी तो घेतला. आणि मग विहीणबाई बोलल्या. त्या इतका वेळ रिकाम्या मखमलीकडे बघत होत्या.

"सगळी चांदी? मुलांना शिकवायला?"

"सगळी," सासूबाई म्हणाल्या.

"धन्य आहे," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या घरात मुलांना शिकवायला कुणी जुनं पातेलं देणार नाही. मोठं घर हो तुमचं."

त्या दिवसापासून नणंदेच्या सासरी माहेरचा उल्लेख कसा व्हायचा ते वेगळं सांगायला नको. नणंद मात्र वहिनीशी कितीतरी महिने बोलली नाही. बाईंना ते फार लागलं. रविवारी फोन वाजला की त्या उठायच्या, आणि सासूबाई फोन घेईपर्यंत उभ्या राहायच्या. पण तोंडातून शब्द काढला नाही.

लॅबमध्ये मात्र जत्रा. दर वर्षी एक चमचा विरघळायचा. उत्तर पुन्हा वारशाने जाऊ नये म्हणून बाई प्रत्येक टेबलाच्या बाटलीत गुपचूप थोडं जास्तीचं तांबं किंवा निकेल घालायच्या आणि किती घातलं ते मुलांनी शोधायचं. निळ्या मखमलीच्या खाचांत काचेच्या कुप्या चमकायच्या. परगावच्या कॉलेजांतले शिक्षक पेटी बघायला यायचे. साहेबांनी त्यांच्या जुन्या बाटल्या शेवटी स्वतःच मोरीजवळच्या टाकाऊ पिंपात ओतल्या. वरच्या वर्गाकडे खालच्यांना द्यायला एकच गोष्ट उरली: स्वच्छ बाजूला बोट लावू नका.

सासूबाई गेल्यावर बाईंनी नणंदेला लॅबमध्ये बोलावलं आणि उरलेल्या शेवटच्या चमच्याचा तुकडा तिच्यासमोर विरघळवला. मिठाचं पाणी तिच्याच हाताने घालायला लावलं. नणंदेने नळी पुन्हा पुन्हा हलवून पाहिली. "आईने मला तरी सांगायचं होतं," म्हणाली. मग म्हणाली, "वहिनी, तू तरी सांगायचंस." मग दोघी त्या स्टुलांवर बसून काय काय बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही, कारण भिंत जाड आहे आणि मी कान लावला तरी नीट लागला नाही.

आता खरं काय ते. सगळे समजायचे, बातमी भोंग्याने पसरवली. त्याला चमचा कुणाचा हेच माहीत नव्हतं. चमचे जर्मन सिल्व्हरचे होते. ते सासूबाईंनी स्वतः सुनेला दिले. सुनेने चांदीचे चमचे विरघळवले, हे पहिल्यांदा सासूबाईंनीच शेजारच्या शिंपिणीला सांगितलं, शुक्रवारी दुपारी, आपल्या दारात उभं राहून. आधी त्यांनी सुनेला विचारलं होतं. सून हो म्हणाली होती.